तीनशे राजहंस

आमच्या चिंचबोडीच्या तलावावर हिवाळ्यात एवढी पाखरं उतरायची, की पाण्याला बसायला जागा उरत नसे. पाणी बिचारं बांधाच्या पाळीला टेकून उभं असायचं आणि ही मंडळी केव्हा उठतात याची वाट पाहायचं. हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं सांगत आले आहे आणि ऐकणाऱ्यांतला एक तरी जण दरवेळी हसतो, म्हणून ते बदलायची मला कधी गरज वाटली नाही. बदकं तर इतकी माजलेली, की म्हशी धुवायला नेल्या तर म्हशींनाच कोपऱ्यात सारायची. कुणाची शेपटी तलवारीसारखी, कुणाची चोच वाढण्याच्या पळीसारखी, कुणी काळाकुट्ट आणि कपाळावर तेवढा पांढरा टिळा. आणि या सगळ्या बाजारात उंच मानेचे, राखी अंगाचे राजहंस. पुस्तकात त्यांचं नाव वेगळं आहे, पण आमच्याकडे ते राजहंसच. धान कापणीच्या सुमारास हिमालयापलीकडून यायचे, वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात चरायचे आणि पलीकडे गडचिरोली जिल्ह्याच्या रेतीत झोपायचे. जिल्ह्याचे तेव्हा नुकतेच दोन तुकडे झाले होते. कचेरीतल्या बाबूंनाही कोणतं गाव कुठं गेलं ते नीट सांगता येत नव्हतं. पाखरांना मात्र दोन्हीकडचं पाणी पाठ होतं.

घरात आम्ही तिघंच. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव वेगळं आहे, पण गावाला मी बेबी. बाबा गावच्याच प्राथमिक शाळेत गुरुजी. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, मागं वांग्याचे आणि सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे. हिवाळ्याच्या सकाळी चुलीवर तांदळाची भाकर फुगायची, पाट्यावर जवसाची चटणी वाटली जायची आणि पोपटीच्या शेंगांचा वास शेजारच्या तीन घरांत फुकट वाटला जायचा. संध्याकाळी दिवा लागला की बुद्धाच्या तसबिरीसमोर बसून आम्ही पंचशील म्हणायचो. पहिली तीन शीलं बाबा डोळे मिटून म्हणत. चौथं आलं, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलणार नाही, की त्यांचा आवाज चढायचा आणि एक डोळा उघडायचा. तो डोळा माझ्यावर असायचा. इतरांनी ते शील एकदा म्हटलं तरी चालत असे, मला दोनदा म्हणावं लागे. तरी मी काही खोटारडी नव्हते. होतं ते मी जरा वाढवून सांगायची, एवढंच. एकदा ब्रह्मपुरीच्या बसमध्ये वाघ चढला आणि कंडक्टरनं त्याला पुढं सरकायला सांगितलं, ही गोष्ट मी सांगितली खरी. पण त्यात बस खरी होती, कंडक्टरही खरा होता.

आईचं मात्र उलटं. ती बोलायचीच कमी, आणि बोलली तर वजन करून. शाळेत ती गेलेली नव्हती. आमची दोन एकरांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, तलावाला अगदी लागून होती. धान उभं असतानाच त्यात लाखोळी फेकायची, धान कापलं की खाली कोवळी लाखोळी वर येते, आणि तीच पुढं वर्षभराची डाळ. ही गोष्ट आम्हाला माहीत होती तशी राजहंसांनाही माहीत होती. त्यांना कोवळी लाखोळी इतकी आवडायची, की मला वाटतं हिमालय ओलांडायचं खरं कारण तेच असावं. म्हणून रोज पहाटे, धुक्यात समोरचं माणूस दिसत नसताना, आई घोंगडं पांघरून बांधीवर जायची. सोबत रॉकेलचा रिकामा पिपा आणि बाभळीचं दांडकं. ती पिपा असा बडवायची, की नदीपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या बायका उठून चूल पेटवायच्या. राजहंस एकदम उठायचे, डोक्यावरून घोगऱ्या आवाजात शिव्या देत नदीकडे जायचे, आणि उजाडेपर्यंत तलावावर त्यांचं पीसही उरायचं नाही. दिवसाउजेडी आमच्या तलावावर राजहंस पाहिलेला माणूस गावात शोधून सापडला नसता.

आता माझा उपद्व्याप सांगते. मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. गावातली कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे सकाळी बस सुटताना अर्धं गाव मला पोचवायला आल्यासारखं उभं असायचं. खरं तर ते दुधाच्या गाडीसाठी उभे असत, पण माझी काही हरकत नव्हती. प्राणिशास्त्राचे सर मोठे पाखरवेडे. एक दिवस त्यांनी वर्गात विचारलं, "कुणाच्या गावात तलाव आहे? हिवाळ्यात काय काय दिसतं?" कुणी बगळा म्हणालं, कुणी टिटवी, कुणी पाणकोंबडी. शहरातल्या मुलींनी एकमेकींकडे पाहून हसणं सुरू केलं. मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, आमच्या तलावावर तीनशे राजहंस आहेत. दिवसभर बसून असतात. जवळ गेलं तरी उठत नाहीत." वर्ग गप्प झाला. एवढा आनंद मला नंतर पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "गेली चार वर्षं मी या भागात हिंडतोय. मला एक राजहंस दिसला नाही. मी येत्या रविवारी तुमच्या गावी येतो." आणि त्यांनी बाबांच्या नावानं एक चिठ्ठी लिहून माझ्याच हाती दिली. रस्त्यात ती नाल्यात टाकावी असं मनात आलं, पण बस पुलावरून जाते तेव्हा खिडकी कधी उघडत नाही.

बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग घडी घालून टोपीत ठेवली. चिडले असते तर बरं झालं असतं, पण ते चिडले नाहीत.

"तीनशे?" ते म्हणाले.

"असतील की बाबा. धुक्यात कोण मोजते?"

"दिवसभर बसून?"

मी चटणीत बोट फिरवत राहिले.

"बेबी, त्या सरांसमोर मी एक गुरुजी म्हणून उभा राहीन. खोटं बोलून माणूस शिकला तर शिकून तो आणखी चांगलं खोटं बोलेल, दुसरं काय होणार? रविवारी सर आले आन् तलाव रिकामा दिसला, तर तुझी पुस्तकं त्यांच्याच सोबत कॉलेजला परत जातील. धानोऱ्याच्या त्या लोकांना मी अजून नाही म्हटलं नाही."

धानोऱ्याचे लोक म्हणजे तेंदूपत्त्याच्या फडावर मुनीम असलेल्या एका मुलाचं स्थळ. मुलगा चांगला होता असं सगळे म्हणायचे. मी त्याला पाहिलंही नव्हतं. पण ते शब्द कानावर पडले आणि मला एकाएकी कॉलेजची सगळी बाकं आठवली, कोणत्या बाकाचा पाय हलतो तेसुद्धा. त्या दिवशी बुधवार होता. बाबा शब्दाचे किती पक्के होते ते गावातल्या कुणालाही विचारा. सूर्य एखाद्या दिवशी रजा टाकेल, पण बाबा बोललेलं फिरवणार नाहीत.

गुरुवारी पहाटे आई बांधीवरून परतली, पिपा खुंटीला अडकवला आणि भाकरी थापायला बसली. मी चुलीत काड्या सारायच्या निमित्तानं जवळ सरकले.

"आई, तू पिपा नाही वाजवला, तर ते राजहंस दिवसा बसतील का वो तलावावर?"

"बसतीन. पोट भरलं तं कायले जातीन?"

"मग रविवारपर्यंत नको ना वाजवू."

आईचा हात भाकरीवर थांबला. "तीन दिस? बांधी साफ करून टाकतीन ते. मंग वरीसभर वरणाले काय शिजवू? तुह्या गोष्टी शिजवू?"

तिनं भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. थोड्या वेळानं म्हणाली, "तुले काऊन सांगा लागते बावा, तीनशे? तीस म्हणाली असती तं कॉलेज बंद पडत होतं का?" तीस म्हटलं असतं तर त्या मुलींनी पुन्हा हसायला सुरुवात केली असती, असं काहीतरी मी पुटपुटले. आईनं दुसरी भाकर थापायला घेतली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

शुक्रवारी पहाटे मला जाग आली ती आवाजानं नव्हे. रोजची सवय अशी, की पिपा वाजला की कूस बदलायची आणि पुन्हा झोपायचं. त्या दिवशी कूस बदलायला काही कारणच आलं नाही. डोळे उघडून पाहिलं तर आई माझ्या शेजारीच, घोंगडं डोक्यावरून घेऊन पडलेली, डोळे उघडे. बाहेर धुक्यात, तलावाकडून, पुष्कळ माणसं एकाच वेळी हळू आवाजात बोलावी तसा आवाज येत होता. ते राजहंस चरत होते. आमची बांधी पाण्याला सगळ्यात जवळ होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या शेतात जायची त्यांना गरजच पडली नाही. एरवी सगळं गाव आईच्या पिप्याच्या भरवशावर झोपायचं. शनिवारीही पिपा खुंटीवरच होता. बाबा पहाटे विहिरीवर आंघोळीला जायचे, त्यांच्या कानावर हे मौन पडलं नसेल असं मला वाटत नाही. पण ते आंघोळ उरकून नेहमीसारखे शाळेत गेले.

रविवारी अकराच्या बसनं सर आले. गळ्यात दुर्बीण, काखेत वही, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आम्ही पाळीवर चढलो तेव्हा माझे पाय माझ्याआधी घरी परत जायला निघाले होते. वर पोचल्यावर मी डोळे मिटले. मी एक डोळा उघडला, बाबांसारखा. ते होते. पाण्याच्या कडेच्या चिखलावर आणि आमच्या बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर, उन्हात, पोट भरून, एका पायावर उभे.

सरांनी दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली. "जवळ जाता येईल का?" त्यांनी इतक्या हळू विचारलं, की मी तोंड उघडायच्या आत पाळीवर बसलेला सोमाभाऊ बोलला. सोमाभाऊ आमच्या गावात मासे धरणारा. दिवाळी झाली की तो तलावात दहाबारा रिकामी मडकी पालथी तरंगत सोडून द्यायचा. पाखरं पहिले चार दिवस मडक्यांना भ्यायची, मग सवय व्हायची, मग मडक्यावर बसून पिसं साफ करायची. मग एक दिवस त्यातल्या एका मडक्याखाली सोमाभाऊचं डोकं असायचं. मडक्याला डोळ्यांपुरती दोन भोकं. गळ्याइतक्या पाण्यातून तो मुंगीच्या चालीनं जायचा आणि बदकाचे पाय खालून धरायचा. बाबांना हे मुळीच पटत नसे, आणि मी हे शहरात सांगते तेव्हा लोक मला बसमधल्या वाघाची आठवण करून देतात. पण माझ्या सगळ्या गोष्टींत ही एकच अशी आहे, की तिला मी कुठंही हात लावलेला नाही.

"सर, एक मडकं तुमाले बी देतो," सोमाभाऊ म्हणाला. "फकत पाय धराचे नाई हां. गुरुजी बसले हायेत."

आता हे तुम्ही मानणार नाही. कॉलेजचे सर, दोन पदव्या नावापुढं, बाबांचा पंचा नेसून त्या बर्फासारख्या पाण्यात उतरले. डोक्यावर मडकं.

"सर, शिंकू नोका," पाण्यातून सोमाभाऊचं मडकं बोललं. "मडक्याले शिंक येत नाई."

जाताना सरांनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली होती. त्या दोन मडक्यांकडे पाहता पाहता दुर्बीण जरा वर सरकली आणि एक राजहंस एकदम माझ्या हाताशी येऊन उभा राहिला. पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूनं दोन काळ्या रेघा, कुणी बोट काजळात बुडवून ओढाव्या तशा. चोच पिवळी, पिकल्या आंब्याच्या सालीसारखी. तो श्वास घेत होता. छातीवरची पिसं हलताना दिसत होती. चोचीला हिरवं काहीतरी चिकटलेलं होतं. ती आमची लाखोळी होती. लहानपणापासून मी यांच्याबद्दल इतकं बोलले होते आणि यांच्यातल्या एकाचाही चेहरा मला ठाऊक नव्हता. मी बराच वेळ गप्प राहिले. बाबांना काळजी वाटली असावी, कारण त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी दुर्बीण त्यांना दिली. त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं, आणि मग तेही गप्प झाले. बाप-लेक आम्ही आळीपाळीनं पाहत होतो. त्या तासाभरात आमच्यात जितकं कमी बोलणं झालं, तितकी जवळीक मला त्यांच्याशी नंतर फार थोड्या वेळा वाटली. मग मी मोजायला घेतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दुसऱ्या टोकाकडून, चौथ्यांदा बोटं धरून.

सर परत आले ते निळे होऊन. दात वाजत होते आणि चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "वीस हातांवर होतो मी," ते म्हणाले. "त्यानं माझ्याकडे पाहिलं. भोकातून. माझ्याकडे." मग वही मागितली. "किती आहेत?"

"एकेचाळीस," मी म्हणाले.

बाबांनी घसा साफ केला. "सर, माझ्या मुलीनं वर्गात तीनशे सांगितले होते. तीनशेला एकेचाळीस म्हणजे शंभरातले चौदा मार्क. माझ्या शाळेत पास व्हायला पस्तीस लागतात."

सर पंचा पिळत होते. "गुरुजी, चार हिवाळे माझ्या वहीत शून्य आहे. मला तर ही मुलगी पहिली आलेली दिसते." त्यांनी माझ्यासमोर लिहिलं: राजहंस, एकेचाळीस. बाबा हसले नाहीत. त्यांनी सरांना घरी नेलं, अंगणात शेकोटी पेटवली, आईनं झिंग्यांचा रस्सा केला, आणि सर एवढं जेवले की चारच्या बसला कंडक्टरनं त्यांच्यासाठी दोन सीटांचं तिकीट मागितलं असतं. पुस्तकांचा विषय कुणी काढला नाही. बस गेली तेव्हा पुस्तकं घरातच होती, पण बाबांचा निकाल अजून यायचा होता.

बस स्टॉपवरून बाबा थेट घरी आले नाहीत. बांधीवरून फिरून आले. मी मागून गेले होते, म्हणून तेही पाहिलं. बांधीत हिरवं काही उरलं नव्हतं. धानाच्या बुडख्यांमधून नुसती चिखलातली पावलं, आणि विष्ठा. त्या वर्षी आम्ही वरण क्वचितच खाल्लं. भातावर आंबाडीची कढी, नाहीतर चटणी. आज माझ्या घरी डब्यात चार प्रकारच्या डाळी असतात आणि नातवंडं वरणात चमचा फिरवून उठतात, तेव्हा मला काहीतरी बोलायचं असतं. पण काय, ते मला नीट मांडता येत नाही, म्हणून मी वाघाची गोष्ट सांगते.

संध्याकाळी जेवायला बसलो. बाबांनी पहिला घास घेतला आणि आईकडे न पाहता विचारलं, "तीन दिवस पिपा वाजला नाही?"

मी ताटाकडे पाहत राहिले. आई खोटं बोलत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिला ते जमतच नव्हतं. बाजारात भाव करतानासुद्धा ती खरी किंमत आधी सांगून टाकायची.

"पिप्याचं बूड फुटलं," आई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

पिपा तिच्या डोक्यामागच्या खुंटीवरच होता, धडधाकट, दिव्याच्या उजेडात चमकत. बाबांनी तो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग भात कालवला आणि दुसरा घास घेतला.

"बेबी," ते म्हणाले, "उद्या कॉलेजातून येताना बाजारातून एक रिकामा पिपा घेऊन ये. चांगला पाहून घे. बूड वाजवून पाहा."

"हो बाबा," मी म्हणाले. धानोऱ्याला त्यांनी त्याच आठवड्यात नकाराचं पत्र टाकलं, हे मला नंतर आईकडून कळलं.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी मागच्या अंगणात राखेनं भांडी घासत होतो. तिची बांधी गेली होती, वर्षाची डाळ गेली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या तोंडावर खोटं सांगितलं होतं. मला वाटलं आता ती मला धारेवर धरेल. तिनं तवा उपडा केला आणि विचारलं, "तुह्या सरानं किती लिवले?"

"एकेचाळीस. आई, अगदी खरे. चारदा मोजले मी."

ती तव्याचं बूड घासत राहिली. "बेचाळीस हायेत," ती म्हणाली. "एक जण बेशरमीच्या झुडपामांगं बसते, एकटंच. बांधीवरून दिसते, पाळीवरून दिसत नाई ते. तिसरा हिवाळा हाय त्याचा."